कोरी जागा

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस आमच्या घरात जी झाडलोट चालते तिची मला दरवर्षी थोडी धास्तीच वाटते. वर्षभर ज्या वस्तू कुणाच्या अध्यात ना मध्यात, त्या एकेक करून न्यायासनापुढे उभ्या केल्या जातात. "हे ठेवायचं की टाकायचं?" असे पदर खोचून विचारले जाते आणि एका शब्दात उत्तर द्यावे लागते. उत्तराला वेळ लागला तर वस्तू टाकाऊ ठरते.

यंदा माळ्यावरून अण्णांची पत्र्याची ट्रंक खाली आली. अण्णा म्हणजे माझे वडील. ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले चार-दोन व्हॉल्व्ह होते, काटा मोडलेले एक मीटर होते, लाल पाठीच्या तीन वह्या होत्या आणि लाकडी मुठीचा एक रबरी शिक्का होता. शिक्का हातात उलटासुलटा करून सौभाग्यवतीने विचारले, "अहो, ह्या शिक्क्यावर ना नाव, ना पत्ता. कुणाचा म्हणायचा हा?"

तिचे म्हणणे खरे होते. शिक्क्यावर एक वर्तुळ होते. वर्तुळात वरच्या बाजूला एक आडवी पट्टी, खाली एक वाकडी रेघ आणि दोहोंच्या मध्ये तीन तुटक रेषा. शेजारी एक लांबट चौकट, आणि तीही कोरी. कुणाही शहाण्या माणसाला वाटावे की शिक्केवाल्याने अर्धे काम करून पैसे घेतले. मी मात्र तो शिक्का तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. कारण नोकरीची कितीतरी वर्षे मी जे केले, मुलांना जे शिकवले आणि ज्यात एकदा सपशेल चुकलो, ते सारे त्या कोऱ्या चौकटीत होते.

सांगलीला अण्णांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. दुकान कसले, दोन फळ्यांची खोलीच ती. पण संध्याकाळी तिथे पाच-सहा रेडिओ एकदम बोलू लागले की मला ती पृथ्वीची राजधानी वाटे. त्या काळच्या मोठ्या सेटांत बहुधा पाच व्हॉल्व्ह असत. त्यांची नावे मला पाढ्यांसारखी पाठ होती: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. नावे म्हणजे नुसती बाराखडी नव्हे, हे अण्णांनी मला फार लवकर सांगितले होते. पहिले अक्षर व्हॉल्व्हच्या हीटरचे. 'ई' असेल तर त्याला ६.३ व्होल्ट लागणार. 'यू' असेल तर तो १०० मिलिअँपिअरच्या साखळीत बसणार. पुढची अक्षरे जातीची. 'एफ' म्हणजे पेंटोड. 'एल' म्हणजेही पेंटोडच, पण स्पीकर हलवण्याइतका ताकदवान. म्हणजे जात एक, चित्र एक. फरक काय तो नावातल्या अक्षरांचा आणि आकड्यांचा.

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक सेटचे सर्किट अण्णा वहीत काढून ठेवीत. सेट पुन्हा आला तर पुन्हा उकलत बसायला नको. पण पेंटोडचे ते वर्तुळ आणि त्या तुटक रेषा रोज दहा वेळा कोण काढणार? म्हणून त्यांनी शिक्का करून घेतला. शिक्का मारायचा, बाजूच्या चौकटीत व्हॉल्व्हचे नाव घालायचे, आणि भोवतीच्या रेघांवर पिनांचे आकडे. आकडे शिक्क्यात नव्हते, कारण ते सगळ्या व्हॉल्व्हांचे सारखे नसतात.

मी तेव्हा आठ वर्षांचा असेन. एका रविवारी अण्णांना मदत करावी अशी मला सुबुद्धी झाली. वहीच्या दोन पानांवर मी ओळीने शिक्के मारले आणि प्रत्येक चौकटीत माझ्या सर्वांत सुवाच्य अक्षरात 'ईएल ८४' असे लिहून ठेवले. दुकानात तोच व्हॉल्व्ह सर्वांत जास्त बदलला जातो, हे मी पाहिले होते. अण्णांचा लिहिण्याचा त्रास वाचेल, असा माझा हिशेब. अण्णांनी पान पाहिले. रागावले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अरे, रेडिओ अजून दुकानात आला नाही, आणि तू त्याचा व्हॉल्व्ह ठरवून मोकळा झालास?"

दुकानातली गिऱ्हाइके हसली. मीही हसलो. पण खरे सांगायचे तर त्या वाक्याचा अर्थ मला पुढे चव्वेचाळीस वर्षांनी कळला.

मोठा होऊन मी पुण्याला एका पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवू लागलो. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. तेही पुढे नखाएवढ्या चिपेत शेकड्यांनी, मग लाखांनी जाऊन बसले. सर्किट कागदावर काढून पाहण्याचे दिवसही सरले. आता सर्किट संगणकाच्या पडद्यावर काढायचे आणि एकही डाग देण्याआधी ते चालेल की नाही हे तिथेच पाहून घ्यायचे. हे करणाऱ्या मूळ प्रोग्रामचे नाव 'स्पाइस'. नाव मसाल्याचे, पण जन्म विद्यापीठातला. अमेरिकेत बर्कलीला लॉरेन्स नेगेल या विद्यार्थ्याने प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली तो रचला. १९७३ साली तो जगापुढे आला आणि १९७५ मध्ये त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती झाली. हा प्रोग्राम मागेल त्याला मोकळेपणाने द्यायचा, असा पेडरसन यांचा आग्रह होता. म्हणून तो जगभर गेला. त्या काळी सर्किट भोके पाडलेल्या कार्डांवर लिहून संगणकाला भरवीत. पहिले कार्ड शीर्षकाचे. कार्डे केव्हाच गेली, पण आजही स्पाइसला दिलेल्या मजकुराची पहिली ओळ तो शीर्षक समजून सोडून देतो. तिथे कामाचे काही लिहाल तर ते वाया! घरातल्या वडीलधाऱ्यांच्या काही सवयी अशाच असतात. कारण उरत नाही, सवय उरते.

स्पाइसच्याच घराण्यातला 'एलटीस्पाइस' नावाचा प्रोग्राम माइक एंगलहार्ट यांनी लिहिला आणि १९९९ मध्ये तो सर्वांसाठी फुकट खुला झाला. आमच्या पॉलिटेक्निकात 'फुकट' या शब्दाला फार वजन होते. त्यामुळे तो लवकरच आमच्या प्रयोगशाळेत येऊन बसला, आणि मी त्यात रमलो.

रमलो तो विशेषतः एका गोष्टीत. या प्रोग्रामात तयार भाग पुष्कळ असतात; रेझिस्टर, कंडेन्सर, ट्रान्झिस्टर वगैरे. पण आपल्याला हवा तसा भाग नसेल तर तो आपण स्वतः घडवू शकतो. आतले सर्किट एकदा नीट बांधायचे, त्यावर आपल्या आवडीचे चिन्ह चढवायचे, आणि पुढे ते चिन्ह शिक्क्यासारखे हवे तिथे, हवे तितक्या वेळा उमटवायचे. एवढेच नव्हे, त्या चिन्हात काही जागा मोकळ्या ठेवता येतात. भाग तोच, पण प्रत्येक ठिकाणी त्या जागेत निराळा आकडा. या मोकळ्या जागांना पॅरामीटर म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत 'प्राचल'. पण प्राचल म्हटले की विद्यार्थी वहीत शब्द लिहून घेतात आणि अर्थ वर्गातच सोडून जातात. म्हणून मी त्यांना सोऱ्याचे उदाहरण देत असे. सोऱ्या एकच, चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. सोऱ्या म्हणजे आपला भाग आणि चकतीची जागा म्हणजे पॅरामीटर. एवढे सांगितले की वसतिगृहात राहणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावर घरची दिवाळी उमटे आणि मुद्दा डोक्यात पक्का बसे.

मी घडवलेला पहिला भाग म्हणजे पॉट. रेडिओचा आवाज लहानमोठा करायला जे बटण आपण फिरवतो त्याच्या मागे हा पॉट असतो. आत एक रेझिस्टरची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा एक हात. हाताच्या एका बाजूला पट्टीचा जितका भाग वाढतो तितका दुसऱ्या बाजूचा कमी होतो. म्हणजे आतून पाहिले तर हे दोन रेझिस्टरच. एकाची वाढ ती दुसऱ्याची घट. मी दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले आणि त्यांच्या किमतींच्या जागी आकडे न लिहिता महिरपी कंसात सूत्रे लिहिली. खालच्याची किंमत एकूण रोध गुणिले 'सरक'. वरच्याची एकूण रोध गुणिले 'एक वजा सरक'. सरक म्हणजे हात कुठवर सरकला ते. शून्य म्हणजे एक टोक, एक म्हणजे दुसरे टोक. टोकाला एका रेझिस्टरची किंमत शून्य होते आणि शून्याने भागायची वेळ आली की संगणकाचे गणित अडते. म्हणून दोन्हींत एक अगदी नगण्य रोध मिळवून ठेवला. मग वर नागमोडी रेघ आणि बाण असे चिन्ह काढले, त्याला तीन पाय लावले आणि खाली एक ओळ दिसती ठेवली: एकूण रोध १० किलोओहम, सरक ०.५.

लिहायला हे सोपे दिसते. पण दुसऱ्याने वापरावी अशी वस्तू करणे किती अवघड, हे मला पुढच्या वर्षभरात कळले. पहिली तक्रार आली ती अशी, की "सर, तुमचा पॉट उजवीकडे फिरवला की आवाज कमी होतो." माझ्या चिन्हात पायांना नावे बरोबर दिली होती, पण आतल्या सर्किटाशी पाय जोडले जातात ते नावाने नव्हे, क्रमाने, आणि माझा पहिला आणि तिसरा क्रम उलटा पडला होता. मला स्वतःला हे कधी जाणवले नव्हते, कारण माझी चूक मला पाठ होती आणि मी तिच्याभोवती वळसा घालून जात होतो. दुसरी गंमत याहून मोठी. एका विद्यार्थ्याने एक मेगाओहमचा पॉट हवा म्हणून मोकळ्या जागेत '१ एम' असे भरले. स्पाइस लहान-मोठी लिपी मानीत नाही. त्याच्या लेखी 'एम' म्हणजे मिलि. मेगासाठी 'मेग' लिहावे लागते. दहा लाख ओहमच्या जागी ओहमचा हजारावा भाग बसला, आणि बिचारा दोन दिवस आपले सर्किट कुठे शॉर्ट झाले ते शोधत राहिला. मी त्याच्यावर चिडलो. मागाहून वाटले, मोकळी जागा ठेवली ती मी. तिथे कोणत्या भाषेत भरायचे हे सांगण्याचे काम माझे होते. मग चिन्हाखाली तशी सूचना लिहून टाकली.

या दोन चुका दुसऱ्यांनी दाखवल्या, म्हणून मी त्या सांगतो आहे. तिसरी कुणी दाखवली नाही. ती माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांसमोर, कित्येक महिने चालू होती.

२०१० साली अण्णा आमच्याकडे पुण्याला राहायला आले. आई त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. अण्णांचे वय ऐंशी. प्रकृती काटक, पण कान गेलेले. ज्या माणसाने दुसऱ्यांचे रेडिओ बोलके करण्यात आयुष्य घालवले त्याला रेडिओ ऐकू येऊ नये, यातला क्रूरपणा मला फार टोचत असे. कानाचे यंत्र आणून दिले होते. ते त्यांनी दोन दिवस लावून डबीत ठेवून दिले. "त्यात भांडीच फार वाजतात," असे त्यांचे म्हणणे. तेव्हा मी ठरवले, आपण त्यांच्या उशाशी एक छोटा स्पीकर करून द्यायचा. रेडिओच्या इअरफोनच्या भोकातून आवाज घ्यायचा, एलएम ३८६ नावाच्या चिपेने तो वीसपट करायचा आणि स्पीकरला द्यायचा. आवाज कमीजास्त करायला अर्थातच माझा पॉट.

मी सर्किट पडद्यावर काढले आणि ०.२ व्होल्टचा सिग्नल सोडून पाहिले. पॉट मध्यावर, म्हणून चिपेला मिळाला त्याच्या अर्धा; त्याच्या वीसपट म्हणजे दोन व्होल्ट. पडद्यावर सुरेख, गोलसर लाट उमटली. माझ्या समाधानाला पारावार राहिला नाही. दोन दिवसांत डबा तयार झाला. अण्णांनी तो हातात घेऊन सगळीकडून पाहिला, डाग तपासले आणि म्हणाले, "डाग चांगले दिलेस." यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मला आयुष्यात मिळालेले नाही.

डबा अण्णांच्या उशाशी बसला. सकाळी सातच्या बातम्यांना तो सुरू होई. मी अंघोळीला जाताना त्यांच्या खोलीवरून जात असे आणि पाही, तर बटण नेहमी शेवटच्या टोकाला पिळलेले. आवाज घरभर, आणि तोही चिरका. मी आत जाऊन बटण मध्यावर आणून ठेवी. अण्णा काही बोलत नसत. संध्याकाळी पाहावे तो बटण पुन्हा टोकाला. मी पुन्हा मध्यावर आणी. हा आमचा मूक खेळ चार-पाच महिने चालला. मला वाटे, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. त्यांना काय वाटत होते, हे मी विचारले नाही.

एका रात्री दिवा मालवायला गेलो. अण्णा जागे होते. रेडिओवर कुणाचे तरी भाषण चालले होते आणि ते डोळे मिटून, कपाळाला आठी घालून ऐकत होते. मी बटणाकडे हात नेला. तसे ते डोळे न उघडताच म्हणाले, "आवाज येतो रे. शब्द येत नाहीत."

"अण्णा, तुम्ही फार मोठा करता. मध्यावर ठेवा, म्हणजे स्वच्छ येईल."

"मध्यावर मला ऐकूच येत नाही," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. रेडिओचा दोष गिऱ्हाइकाने सांगावा तसे ते साधेपणाने बोलले.

मी माझ्या खोलीत आलो. झोप येईना. संगणक लावला, ते जुने सर्किट उघडले आणि माझ्या पॉटच्या खालची ओळ पाहिली. सरक ०.५. हा आकडा कुणी घातला होता? मीच. वर्षांपूर्वी, चिन्ह घडवताना, काहीतरी असावे म्हणून. त्यानंतर मी ते चिन्ह कितीदा उमटवले असेल, पण त्या आकड्याला कधी हात लावला नव्हता. तो तिथे होता, म्हणून बरोबर होता.

स्पाइसमध्ये एक सोय असते. मोकळ्या जागेतला आकडा ठरावीक पायऱ्यांनी बदलत न्यायला सांगता येते. मी सरक शून्यापासून एकपर्यंत दशांशाच्या पायरीने नेली. पडद्यावर एकावर एक अकरा लाटा उमटल्या. खालच्या लाटा गोलसर होत्या. वर वर जाऊ लागलो तशी एक जागा अशी आली, की त्यापुढच्या लाटांचे शेंडे कोयत्याने छाटावेत तसे सपाट. टोकाला चिप चार व्होल्टचा आवाज मागत होती, आणि नऊ व्होल्टच्या पुरवठ्यावर आठ ओहमचा स्पीकर हलवताना तिला एवढा वर आणि एवढाच खाली जायला जागाच नव्हती. म्हणजे मी बांधलेले यंत्र मध्यावर निर्मळ होते आणि टोकाला फाटत होते. आणि ज्याच्यासाठी ते बांधले तो माणूस पहिल्या दिवसापासून टोकाला उभा होता!

आणि मी काय करीत होतो? रोज सकाळी जाऊन त्यांना मध्यावर आणून ठेवीत होतो.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला आणि पॉटच्या वरच्या टोकाला ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर जोडला. पाऊण रुपयाचीही वस्तू नसेल. आता बटण पूर्ण पिळले तरी चार व्होल्टच्या जागी सुमारे २.७ व्होल्टचीच मागणी होई, आणि तेवढी लाट जेमतेम पण अखंड बसे. आवाज थोडा कमी झाला. अण्णांचे कान काही त्याने तरुण झाले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन सुनेला म्हणाले, "कांदा जपून वापर गं. फार भडकलाय म्हणतात." ते २०१० च्या डिसेंबरातले दिवस होते, कांद्याने सगळ्या देशाच्या डोळ्यांत पाणी आणले होते. आमच्या घरी त्या दिवशी ते निराळ्या कारणाने आले. कितीतरी महिन्यांनी अण्णा रेडिओवर ऐकलेली बातमी आम्हांला सांगत होते.

मग मी त्यांना संगणकापाशी बसवले आणि त्या अकरा लाटा दाखवल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. तीच जुनी सवय. नाक पडद्याला लागेल इतके जवळ जाऊन त्यांनी माझे चिन्ह पाहिले. "हा बाण म्हणजे पॉट काय? बरं. आणि हे अर्धं कुणी ठरवलं?"

"मी."

"हं," अण्णा म्हणाले. एवढेच. ते त्या रविवारचे वाक्य विसरले होते की मुद्दाम बोलले नाहीत, कोण जाणे. पण मला मात्र दोन पाने भरून सुवाच्य अक्षरात लिहिलेले 'ईएल ८४' स्वच्छ दिसले.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण हा तुझा पॉट सरळ आहे. आवाजाला सरळ पॉट चालत नाही. लॉग लागतो." त्यांचे खरे होते. कान सरळ रेषेत ऐकत नाही. आवाज दुप्पट झाला असे वाटायला ताकद दुपटीहून पुष्कळ जास्त वाढवावी लागते. म्हणून रेडिओतल्या पॉटची पट्टी अशी केलेली असते, की हात मध्यावर आला तरी सिग्नलचा दहावा-पंधरावा हिस्साच पुढे जावा आणि उरलेला पुढच्या अर्ध्यात. तसे सूत्र आम्ही दोघांनी बसून जमवले. ८१ चा 'सरक' इतका घात करायचा, त्यातून १ वजा करायचा आणि ८० ने भागायचे. सरक अर्धी असेल तर ८१ चे वर्गमूळ ९. त्यातून १ गेला, ८ उरले. भागिले ८०, म्हणजे बरोबर दहावा हिस्सा. टोकाला पूर्ण, सुरुवातीला शून्य. अण्णांनी हा हिशेब लाल पाठीच्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने करून पाहिला. माझ्या पॉटला तिसरी मोकळी जागा मिळाली: सरळ की लॉग. ती अण्णांची.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. 'सरक'पुढचा ०.५ पुसून टाकला. आता ते चिन्ह कुणी उमटवले आणि जागा तशीच कोरी ठेवली, तर प्रोग्राम पुढे जायला नकार देतो; अमुक किंमत सांगितलेली नाही, म्हणून अडून बसतो. मुलांनी कुरकूर केली. "सर, पूर्वीचं बरं होतं. टाकलं की चालायचं." मी म्हणालो, "तेच तर वाईट होतं."

पण मुलांचेही सर्वस्वी चुकीचे नव्हते, हे कबूल केले पाहिजे. सगळ्याच जागा कोऱ्या ठेवल्या तर तो शिक्का कशाचा? मग कोऱ्या कागदाने काय वाईट केले आहे? अण्णांच्या शिक्क्यात वर्तुळ होते, तुटक रेषा होत्या, कारण पेंटोड कोणत्याही घरचा असो, त्याला तीन जाळ्या असायच्याच. माझ्या पॉटमध्येही एका बाजूची वाढ ती दुसऱ्या बाजूची घट, हे मी बांधूनच टाकले आहे; ते कुणाच्या मर्जीवर सोडण्यासारखे नाही. तो नगण्य रोधही मी आतच ठेवला. त्याचा विचार वापरणाऱ्याने का करावा? जे सर्वांना सारखे ते घडवणाऱ्याने एकदाच नीट घडवावे आणि त्याची काळजी पुढच्याच्या डोक्यावर ठेवू नये. जे ज्याचे त्याचे असते, ते मात्र त्याला विचारावे. भाग घडवणे हे हस्तकौशल्याचे काम म्हणून मी शिकवीत असे. खरे कसब या दोहोंमधली रेघ कुठे मारायची त्यात आहे. ती रेघ मारताना समोर माणूस नसतो; तो पुढे केव्हातरी येणार असतो. त्याच्यासाठी जो आकडा आपण आधीच भरून ठेवतो, त्यावरून आपण त्याला किती ओळखतो ते दिसते. मी तर रोज समोर दिसणाऱ्या माणसालाही अर्ध्यावर ओळखून बसलो होतो.

अण्णा २०१४ साली गेले. शेवटपर्यंत तो डबा उशाशी होता आणि बटण टोकाला. मी त्याला पुन्हा हात लावला नाही.

असो. ट्रंकेचा निकाल लागायचा होता. व्हॉल्व्ह आणि वह्या पुन्हा माळ्यावर गेल्या, मीटर भंगारात गेले. शिक्का मी टेबलावर ठेवला आणि कंदिलाचे काम पाहायला गॅलरीत गेलो. परत येऊन पाहतो तो आमच्या नातीने कुठूनसा शाईचा पॅड पैदा केला होता आणि माझ्या कोऱ्या कागदांवर धडाधड शिक्के मारणे चालले होते. दोन पाने वर्तुळांनी भरून गेली होती. सगळी ओळीने, आणि प्रत्येकाशेजारी ती लांबट, कोरी चौकट. इतक्या वर्षांनी रबर कडा सोडू लागले आहे, तरी तुटक रेषा स्वच्छ उमटल्या होत्या.

"आजोबा," तिने पेन्सिल सरसावून विचारले, "ह्या सगळ्या चौकटींत काय लिहू?"

मी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणालो, "थांब जरा. आधी रेडिओ तर येऊ दे दुकानात!"